लोअर ईस्ट साइडचा ‘दोन आमदार’ वॉक: पैसे वसूल, फक्त शेवटी घाई

पाचपैकी चार तारे. एक कापला तो शेवटच्या अर्ध्या तासासाठी. त्याबद्दल पुढे येतेच.

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये एक निवृत्त शिक्षिका शनिवार-रविवारी सकाळी लोकांना पायी फिरवतात. आठ-दहा जणांचा गट, तीन तास, साधारण साडेतीन-चार किलोमीटर चाल. ठरलेली फी नाही, शेवटी मनाला येईल ते द्यायचं. बहुतेक जण माणशी वीस डॉलर देत होते. विषय एकच. या वस्तीतून न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात गेलेले आणि भ्रष्टाचारात दोषी ठरलेले दोन पुढारी. पहिला विल्यम ट्वीड, एकोणिसाव्या शतकातला, राज्याच्या सिनेटमध्ये होता. दुसरा शेल्डन सिल्व्हर, राज्याच्या असेंब्लीचा स्पीकर. आपल्याकडच्या विधानसभा अध्यक्षाचं पद म्हणा, पण ताकद कितीतरी जास्त. कुठलं विधेयक मतदानाला येणार आणि कुठलं कपाटात राहणार, हे तिथे स्पीकर ठरवतो.

मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, अकाउंटिंगमध्ये काम करते. बाबा उन्हाळ्यासाठी आले होते. पुतळे, पूल, उंच इमारती सगळं बघून झालं होतं आणि ते घरात कंटाळले होते. त्यांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात गेली. म्हटलं, त्यांच्या आवडीचं काहीतरी दाखवू.

सुरुवात डिलान्सी-एसेक्स स्टेशनच्या तोंडाशी. ही जागा बदलली तर बरं होईल. विल्यम्सबर्ग पुलावरून येणारी सगळी वाहनं तिथून जातात, त्यात बाई माइक वापरत नाहीत. मागे उभं राहिलात तर पहिली दहा मिनिटं गेली म्हणून समजा. बाबांनी अनुभवानं पुढची जागा धरली.

बाईंनी आधी हात करून दाखवली ती समोरची नवी कोरी इमारतींची रांग, एसेक्स क्रॉसिंग. खाली मोठा बाजार, वर घरं. १९६७ मध्ये शहराने इथली जुनी वस्ती पाडली आणि अठराशेच्या वर कुटुंबांना बाहेर काढलं. बहुतेक पोर्तो रिकन, गरीब. नवी घरं बांधली की तुम्हाला परत आणू, असं सांगितलं होतं. मग पुढची पंचेचाळीस वर्षं यातल्या बऱ्याच जागेवर गाड्या उभ्या राहायच्या. मॅनहॅटनमध्ये, जिथे खुराड्याएवढ्या खोलीला हजारो डॉलर मोजावे लागतात, तिथे मोकळी मैदानं! २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जुनी कागदपत्रं धुंडाळून छापलं की स्वस्त घरं तिथे होऊ नयेत म्हणून सिल्व्हर आणि त्याचा एक जवळचा माणूस वर्षानुवर्षं पडद्याआडून खटपट करत होते. सिल्व्हरच्या बाजूने हे नाकारण्यात आलं. वस्तीत नवे लोक आले की मतांचं गणित बिघडतं, एवढंच बाई म्हणाल्या. आता तिथे सुमारे हजार घरं झाली आहेत, त्यातली निम्मी परवडणाऱ्या दरातली.

“आरक्षण टाकून ठेवलेला भूखंड,” बाबा मला म्हणाले, “त्यावर कोण बसलंय ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. फायलीत फक्त नसतं.”

तिथून ग्रँड स्ट्रीटवर एका जुन्या, भल्यामोठ्या शाळेच्या इमारतीसमोर थांबलो. शाळा १९२९ ची. पण त्याआधी त्या जागी लडलो स्ट्रीटचा तुरुंग होता आणि १२ एप्रिल १८७८ रोजी ट्वीड त्याच तुरुंगात वारला. इथून बाईंना खरा सूर लागला. ट्वीडचा जन्म १८२३ चा, इथून जवळच चेरी स्ट्रीटवर. बापाचा खुर्च्या बनवायचा धंदा. पोरगा आगीच्या बंबावरच्या स्वयंसेवकांत पुढारी झाला, मग टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेत वर चढत गेला आणि १८६८ पासून राज्याच्या सिनेटमध्ये बसला. शहराचा प्रत्येक ठेका त्याच्या टोळीच्या हातून जायचा. चेंबर्स स्ट्रीटवरचं कोर्ट अडीच लाख डॉलरमध्ये होणार होतं, ते कोटीच्या पुढे गेलं. गिलावा करणाऱ्या कंत्राटदाराला दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर दिल्याची नोंद आहे.

हा आकडा मी बाबांना मराठीत सांगितला, तर ते जागच्या जागी थांबले.

“दोन दिवसांत किती चौरस मीटर गिलावा होतो? एमबी कुणी भरली होती?”

एमबी म्हणजे मोजमाप वही. जागेवर जाऊन इंजिनिअरने झालेलं काम मोजून त्यात लिहायचं, मग बिल निघतं. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मोजणारे, तपासणारे, सही करणारे आणि पैसे देणारे, सगळे एकाच टोळीतले. बाबांचं समाधान झालं. त्यानंतर बाई मुद्दाम त्यांच्याकडे बघून बोलायला लागल्या.

ट्वीडची पुढची गोष्ट सिनेमासारखी आहे आणि बाई ती रंगवून सांगतात. १८७३ मध्ये दोषी ठरला, बारा वर्षांची शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टात एका वर्षावर आली. सुटला तर सरकारने पैसे वसूल करायला दिवाणी दावा लावून पुन्हा आत टाकलं. तुरुंगातून घरी जेवायला सोडायचे, तिथूनच १८७५ मध्ये पळाला, थेट स्पेनपर्यंत. तिथे त्याला ओळखलं ते टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने काढलेल्या चित्रावरून! परत आणला, आणि मग या जागी मेला. ज्याचे हात शहराच्या तिजोरीत कोपरापर्यंत होते त्याच्या जागेवर आता पोरं नागरिकशास्त्र शिकतात, असा विनोद बाई करतात. दर आठवड्याला करत असाव्यात.

मध्ये थांबा कोसर्स बेकरीत. ही १९३६ पासूनची, ग्रँड स्ट्रीटवरच. बियाली हा इथला खास प्रकार, पोलंडमधल्या बियालिस्टॉक शहरातून आलेला. बेगलसारखाच, पण मध्ये आरपार भोक नसतं, नुसता खळगा, त्यात भाजलेला कांदा. गरम घ्या, लोणी लावून. शाकाहारी मंडळींना बिनधास्त चालेल. बाबांनी एक घेतला, मग काही न बोलता पुन्हा रांगेत जाऊन दुसरा आणला. त्यांना एवढंच म्हणायचं होतं. बसायला जागा थोडी आहे, त्यामुळे हातात घेऊन चालत खावं लागतं.

पुढे ग्रँड स्ट्रीटच्या पूर्वेच्या टोकाला विटांच्या उंच को-ऑप सोसायट्या लागतात. शिवणकाम करणाऱ्या कामगारांच्या युनियननी आणि त्यांच्या पाठबळावर विसाव्या शतकात उभ्या केल्या. कामगाराला स्वतःचं घर मिळावं हा हेतू. इथेच सिल्व्हर आयुष्यभर राहिला. स्पीकर झाल्यावरही बंगल्यात गेला नाही, हे इथले लोक अजून कौतुकाने सांगतात. बाई स्वतः याच सोसायट्यांत वाढल्या आहेत, त्यामुळे हा भाग या वॉकचा जीव आहे.

सिल्व्हरचा जन्म १९४४ चा. रशियातून आलेल्या ज्यू आईबापांचा धाकटा मुलगा, वडिलांचा हार्डवेअरचा घाऊक धंदा. धार्मिक शाळेत शिकला, तिथे बास्केटबॉलच्या संघाचा कप्तान. येशिवा विद्यापीठ, मग ब्रुकलिन लॉ स्कूल. १९७६ मध्ये असेंब्लीवर निवडून आला आणि मग सलग जवळजवळ चाळीस वर्षं तीच जागा. १९९४ मध्ये आधीचे स्पीकर वारले आणि हा त्या खुर्चीत बसला. २००० साली त्याच्याच पक्षातल्या लोकांनी बंड केलं, ते त्याने शांतपणे मोडलं. त्याचा आवाज खर्जातला, बोलणं कासवाच्या गतीचं. वाटाघाटीत समोरचा थकेपर्यंत बसून राहायची त्याची ख्याती होती. पाच गव्हर्नर आले; चौघे त्याच्या डोळ्यांदेखत गेले, पाचवा त्याच्या अटकेच्या वेळी गादीवर होता. अल्बनीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, बजेट गव्हर्नर, सिनेटचा नेता आणि स्पीकर असे तिघे एका खोलीत बसून ठरवायचे. बाकी दोनशेच्या वर आमदार बाहेर.

त्याने काय अडवलं त्याची यादी मोठी आहे. मॅनहॅटनच्या पश्चिमेला होणारं अवाढव्य स्टेडियम २००५ मध्ये त्याने होऊ दिलं नाही. २००८ मध्ये मॅनहॅटनमध्ये गाडी आणली की पैसे भरायची योजना महापौर ब्लूमबर्ग यांनी आणली, ती त्याने मतदानालाच घेतली नाही. (तीच योजना २०२५ च्या जानेवारीत सुरू झाली आणि आता आम्ही जर्सीकर गाडी नेली की दिवसाला नऊ डॉलर मोजतो. शिवाय बाहेरून शहरात नोकरीला येणाऱ्यांवरचा जुना कर १९९९ मध्ये गेला, त्यालाही त्याची संमती होती. आमच्या खिशापुरतं बघायचं तर माणूस वाईट नव्हता.) वर्ल्ड ट्रेड सेंटर त्याच्याच मतदारसंघात होतं. ११ सप्टेंबरनंतर डाउनटाउनला निधी, शाळा, रहिवाशांना मदत, सगळ्यात तो पुढे होता.

सोसायटीच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना आमचा गट बघून राहवलं नाही. “शेलीबद्दल (म्हणजे सिल्व्हर) सांगताय ना? माझ्या आईच्या घरात हीटर चालत नव्हता, त्याच्या ऑफिसात फोन केला, दुसऱ्या दिवशी माणूस आला. तेही सांगा त्यांना.” बाईंनी हसून मान डोलावली. बाबा म्हणाले, “बरोबर आहे तिचं. काम करणारा असल्याशिवाय इतकी वर्षं निवडून कसा येईल?”

आता पैशाचा भाग. इथे बाबा अडले. ट्वीडचं त्यांना दोन मिनिटांत कळलं होतं, खोटं बिल आणि टक्केवारी. सिल्व्हरच्या प्रकरणात एकही खोटं बिल नाही, पाकीट नाही, रोकड नाही. बाईंनी सांगितलं ते घाईत होतं, म्हणून बाकावर बसून मीच त्यांना परत समजावलं. माझा धंदाच तो.

न्यूयॉर्कची आमदारकी तेव्हा अर्धवेळची समजली जायची. पगार ७९,५०० डॉलर, स्पीकरला वर भत्ता, आणि बाहेर वकिली करायला पूर्ण मोकळीक. सिल्व्हर एका मोठ्या वकिली फर्ममध्ये नावाला होता. ती फर्म ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या मेसोथेलिओमा या कॅन्सरच्या रुग्णांचे दावे लढवायची. अशा दाव्यात भरपाई प्रचंड आणि रुग्ण दुर्मीळ, त्यामुळे रुग्ण आणून देणाऱ्या वकिलाला फर्म आपल्या फीतला वाटा देते, हा तिकडचा रिवाज. कोलंबिया विद्यापीठातला एक नावाजलेला डॉक्टर त्याच आजारावर संशोधन करायचा. सिल्व्हरने त्याच्या संशोधनाला सरकारी आरोग्य निधीतून अडीच-अडीच लाख डॉलरची दोन अनुदानं दिली. डॉक्टरने आपले रुग्ण सिल्व्हरच्या नावाने त्या फर्मकडे पाठवले. सिल्व्हरला रेफरल फी मिळाली, तीस लाख डॉलरच्या वर. एकाही रुग्णाचा दावा त्याने स्वतः लढवला नाही.

दुसरी वाट बिल्डरांची. शहरातल्या मोठ्या बिल्डरांना मालमत्ता कर कमी करून घ्यायला वकील लागतात. सिल्व्हरने सुचवलं की ते काम अमुक एका छोट्या फर्मला द्या. ती फर्म त्याच्या ओळखीच्या वकिलाची. तिने मिळालेल्या फीतून त्याला वाटा दिला, सुमारे सात लाख डॉलर. आणि त्याच बिल्डरांना अल्बनीतून काय हवं असायचं? भाडे नियंत्रणाचा कायदा, नव्या इमारतींना करसवलत. दोन्ही विषय स्पीकरच्या मर्जीवर.

“म्हणजे पैसे चेकने?” बाबा.

“चेकने. आणि दरवर्षी आमदारांना उत्पन्न जाहीर करावं लागतं, त्यातही मोठ्या फर्मचे पैसे वकिलीचं उत्पन्न म्हणून लिहिलेले.”

ते बराच वेळ बघत राहिले. “आमच्याकडे असं असतं तर ऑडिटवाल्यांनी काय लिहिलं असतं? आक्षेप नाही.”

मलाही तेच वाटतं. ट्वीडचं बिल कुठल्याही हेडक्लार्कने पकडलं असतं, सिल्व्हरची पावती मी स्वतः तपासून ओके केली असती. रक्कम बरोबर, फर्म खरी, रुग्णही खरे. चोरी त्या कागदावर नाहीच, ती दोन वेगळ्या फायलींच्या मध्ये आहे. एक आरोग्य निधीची, एक वकिली फर्मची. दोन्ही एकाच वेळी टेबलावर आल्याशिवाय दिसत नाही. त्या आणल्या फेडरल सरकारच्या वकिलांनी. त्यांचे प्रमुख तेव्हा प्रीत भरारा, मूळचे फिरोजपूरचे, म्हणून आपल्या लोकांत ते नाव माहीत आहे. वॉकमधली ही सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं आहेत आणि बाईंनी त्यांना दोनच दिली. एखादा कागद, साधी आकृती हातात दिली असती तरी पुरे होतं.

परतीची वाट ईस्ट ब्रॉडवेवरून. सीवर्ड पार्क लागतं, त्यासमोर फॉरवर्ड या यिद्दिश, म्हणजे ज्यूंच्या बोलीतल्या, समाजवादी दैनिकाची १९१२ ची इमारत. दर्शनी भागावर मार्क्स-एंगल्सचे चेहरे कोरलेत आणि आत आता श्रीमंतांचे फ्लॅट. फोटो काढून पुढे. मग चायनाटाउनमधून फोली स्क्वेअर. हा टप्पा लांब आहे, उन्हात गुडघे बोलतात. वाटेत स्वच्छतागृह नाही, बेकरीतच उरकून घ्या.

फोली स्क्वेअरला उंच खांबांचं फेडरल कोर्ट समोर, आणि चार पावलांवर ट्वीडचं ते कोर्ट, ज्यात आता शहराच्या शाळा खात्याची कचेरी आहे. जागेची निवड अफलातून. पण तोवर बाईंचे तीन तास संपत आले होते आणि इथेच माझा तारा गेला. २२ जानेवारी २०१५ ला अटक, ३० नोव्हेंबरला सातही आरोपांत दोषी, त्या क्षणी आमदारकी रद्द. एवढं सांगून त्यांनी थेट मृत्यू गाठला. मधली सहा वर्षं गायब! खरी गंमत तर तिथे आहे. बारा वर्षांची शिक्षा झाली २०१६ मध्ये. २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, कारण मध्यंतरी सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका प्रकरणात ‘सरकारी काम’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आवळली होती. २०१८ मध्ये पुन्हा खटला, पुन्हा दोषी, सात वर्षं. २०२० मध्ये डॉक्टरच्या बाजूचे आरोप गळले. लाच ठरवतानाच कुठल्या ठरावीक कामासाठी ती आहे हे ठरलेलं असावं लागतं, ‘पुढे लागेल तसं बघू’ एवढ्यावर गुन्हा होत नाही, असा अर्थ कोर्टाने लावला. बिल्डरांच्या पैशाचे आरोप टिकले. साडेसहा वर्षांची शिक्षा होऊन ऑगस्ट २०२० मध्ये, अटकेनंतर साडेपाच वर्षांनी, तो पहिल्यांदा तुरुंगात गेला. २४ जानेवारी २०२२ ला कैदेत असतानाच मॅसेच्युसेट्समधल्या इस्पितळात वारला, वय ७७.

सिनेटचा नेता डीन स्केलोस याचा तर उल्लेखही नाही. सिल्व्हर दोषी ठरल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोही दोषी ठरला होता. एका खोलीतल्या तिघांपैकी दोघे एकाच डिसेंबरच्या आसपास आडवे झाले, ही गोष्ट सुटून कशी चालेल?

प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं मिळाली. बाबांचा प्रश्न तयार होता: “पेन्शनचं काय झालं?” निवृत्त सरकारी माणूस दुसरं काय विचारणार. बाईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दोषी ठरल्यावर सिल्व्हरने पेन्शनचा अर्ज केला आणि ते मंजूर झालं, वर्षाला सुमारे ७९ हजार डॉलर. राज्याची घटना पेन्शनला हात लावू देत नव्हती. मग २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. आता भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्याचं पेन्शन कोर्ट काढून घेऊ शकतं, पण त्या दुरुस्तीनंतरच्या गुन्ह्यांसाठीच. बाबांनी तारीख दोनदा विचारून घेतली आणि परतीच्या ट्रेनमध्ये एका ग्रॅच्युइटीच्या केसची गोष्ट एडिसन येईपर्यंत सांगितली.

जाणाऱ्यांसाठी: बाईंचं इंग्रजी भरभर आहे, आईवडिलांना नेणार असाल तर दुभाष्याचं काम तुमच्याकडे. चपला नकोत, बूट घाला. पाण्याची बाटली हवीच. ग्रँड स्ट्रीटवर पिंपातली खारवलेली काकडी विकणारं पिकल गाइज नावाचं दुकान आहे, ते शनिवारी सब्बाथला (ज्यूंचा विश्रांतीचा वार) बंद असतं, म्हणून रविवारचा गट निवडा. आणि सोसायटीच्या बाकापाशी पोचलात की बाईंना स्वतःहून सांगा, पैशाचा भाग जरा सावकाश घ्या. त्या ऐकतात.